विक्कावर भांडायचंच असेल तर नीट भांडू

ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडे एक भांडण ठरलेलं असतं. सोसायटीतली पोरं काळे झगे आणि टोकदार टोप्या घालून चॉकलेटं मागत फिरतात, कुणीतरी वैतागून म्हणतं दिवाळीच्या तोंडावर ही भुताखेतांची थेरं कशाला, त्यावर दुसरं कुणीतरी म्हणतं अहो काही लोकांचा तो सणच असतो, विक्का नावाचा धर्म आहे त्यांचा, आणि तिथून पुढे जी गाडी घसरते ती रुळावर येतच नाही. तीन पार्ट्या पडतात. पहिली म्हणते ही सरळसरळ काळी जादू, सैतानाची पूजा, पोरांना लांब ठेवा. दुसरी म्हणते छे, ही तर आपलीच शक्तिपूजा, ख्रिश्चन व्हायच्या आधी युरोपातले लोक आपल्यासारखेच होते, आता बिचारे परत वाटेवर येतायत. तिसरी पार्टी हुशार लोकांची, तिचं म्हणणं की १९५४ साली एका रिटायर्ड इंग्रज कस्टम अधिकाऱ्याने पुस्तक लिहून जमवलेलं थोतांड आहे हे, यात समजून घ्यायचंय काय?

मला तिन्ही बाजूंशी भांडायचंय, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. विक्का हा खरा धर्म आहे. तो वयाने लहान आहे. आणि तो स्वतःचा जो इतिहास बरीच वर्षं सांगत आला तो बराचसा खोटा आहे. ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि आपल्या वादात नेमकं हेच कुणाला पचत नाही. मी स्वतः विक्कन नाही, व्हायचा विचारही नाही, मंत्राने नोकरी लागते यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण बाहेरच्या माणसाने एखादी श्रद्धा समजून घ्यायची म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवायचा असं कुणी सांगितलं? आणि विश्वास नाही म्हणून माहितीही नको, हे तरी कुठलं शहाणपण?

आधी हे लोक करतात काय ते बघू, कारण एवढ्या आरडाओरड्यात तेवढंच कुणी विचारत नाही. एक छोटा गट असतो, त्याला कोव्हेन म्हणतात, परंपरेने तेरा जणांचा, प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून कमी. पौर्णिमेच्या आसपास रात्री जमतात, जंगल मिळालं तर जंगलात, नाहीतर कुणाच्या तरी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून. जमिनीवर एक वर्तुळ आखतात, खडूने, दोरीने, किंवा नुसतं अथामे नावाच्या काळ्या मुठीच्या सुरीने हवेत फिरवून. ही सुरी परंपरेने काही कापायला वापरत नाहीत, ती फक्त विधीची. हे वर्तुळ म्हणजे त्यांचं देऊळ, विधीपुरतं उभं केलेलं आणि विधी संपला की रीतसर मोडलेलं. चार दिशांना हाका घालतात, साधारणपणे पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. मग देवी आणि देव यांना बोलावतात, देवी चंद्राची आणि धरतीची, देव शिंगं असलेला, रानाचा आणि शिकारीचा. चषकात सुरी बुडवून त्या दोघांचं मीलन दाखवतात, केक आणि वाईन वाटून खातात-पितात, कुणाच्या आजारपणासाठी किंवा कामासाठी मेणबत्ती, दोऱ्याच्या गाठी, वनस्पती वगैरे घेऊन काही तोडगा करायचा असेल तर करतात, आणि घरी जातात. वर्षाला आठ सण, ऋतूंप्रमाणे फिरणारे, त्यातला साविन म्हणजे हॅलोविनच्या रात्रीचा, जेव्हा मेलेल्यांची आठवण काढायची. दीक्षा तीन पायऱ्यांची. पोप नाही, सगळ्यांना बांधील असा एकच ग्रंथ नाही, जुन्या वळणाच्या गटात ज्याने त्याने गुरूकडची वही हाताने उतरवून घ्यायची. नियम म्हणावा असा एकच, कुणाचं नुकसान होत नसेल तर तुला हवं ते कर, आणि त्याला जोडून बरेच जण असंही मानतात की तू जे पाठवशील ते तिप्पट होऊन तुझ्याकडे परत येईल. गटाशिवाय एकट्याने करणारेही आता भरपूर आहेत, अमेरिकेत १९८० च्या दशकापासून एकट्याने करायची पुस्तकं निघाली तेव्हापासून तर जास्तच.

यात सैतान कुठे आला? कुठेच नाही. सैतान हे ख्रिस्ती धर्मातलं पात्र आहे, त्याला मानायचं तर आधी तो धर्म मानावा लागतो. सैतानाचं नाव लावणारी संघटना वेगळीच, ती १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाली, आणि तिचा आणि विक्काचा घरोबा नाही. पण पहिल्या पार्टीची बाजूही जरा प्रामाणिकपणे मांडू. रात्रीची वेळ, सुरी, शिंगांचा देव, शपथेने बांधलेली गुप्तता, काही गटांमध्ये विधीला कपडे न घालण्याची पद्धत, आणि वर स्वतःच स्वतःला विच म्हणवून घ्यायचं. एवढं सगळं केल्यावर शेजारच्याला शंका आली तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही. गुप्तता म्हटली की गैरप्रकाराला जागा असतेच, हे आपल्याकडच्या बाबाबुवांच्या मठांत पुरेसं पाहिलंय आपण.

तरीही शंका येणं वेगळं आणि आपल्या मनातला राक्षस दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात दिसणं वेगळं. आणि हे मराठी-कोकणी माणसाला तरी सांगायला लागू नये. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. १७३६ च्या त्यांच्या एका आदेशात बाटलेल्या कुटुंबांना काय काय करायला बंदी होती ते वाचून बघा, लग्नातली हळद, लग्नातल्या ओव्या, दारातली तुळस. यातल्या कशात सैतान होता? बंदी घालणाऱ्याला मात्र सगळीकडे तोच दिसत होता, कारण त्याने हळद म्हणजे काय हे हळद लावणाऱ्या बाईला कधी विचारलंच नव्हतं. युरोपात तीन शतकं चेटकिणींचे खटले चालले त्यातही हेच झालं, छळ करून कबुलीजबाब घेतले आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात जे होतं तेच आरोपीच्या तोंडून बाहेर आलं. ज्यांच्या दारातली तुळस एकेकाळी गुन्हा ठरली त्यांनीच आज कुणाच्या तरी मेणबत्तीकडे बोट दाखवून सैतान सैतान ओरडायचं, हे जरा विचित्र नाही का?

अमेरिकेत हा वाद कोर्टात आणि लष्करात लढला गेला आणि तिथला निकाल बघण्यासारखा आहे. १९८६ मध्ये एका कैद्याच्या केसमध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने विक्का हा कायद्याच्या दृष्टीने धर्मच आहे असं धरलं, आणि त्याच निकालात त्या कैद्याला विधीचं सामान मात्र दिलं नाही, तुरुंगाच्या सुरक्षेचं कारण देऊन. म्हणजे धर्म आहे हे मान्य, म्हणून सगळं चालेल हे अमान्य. इतका साधा फरक आपल्या चर्चेत का करता येत नाही कोण जाणे. १९९९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर विक्कन सैनिक विधी करतात म्हणून राजकारण्यांनी गदारोळ केला, तेव्हा टेक्सासचे गव्हर्नर असलेले जॉर्ज बुश यांनीही हा धर्म वाटत नाही असं बोलून दाखवलं. मग २००५ मध्ये पॅट्रिक स्टुअर्ट नावाचा विक्कन सार्जंट अफगाणिस्तानात मारला गेला, आणि त्याच्या बायकोला त्याच्या स्मृतिफलकावर वर्तुळातला पाच टोकांचा तारा कोरून घ्यायला सरकारशी भांडावं लागलं. २००७ मध्ये सरकारने तडजोड केली आणि ते चिन्ह मंजूर चिन्हांच्या यादीत आलं. देशासाठी मरताना त्याला कुणी धर्म विचारला नव्हता.

आता तिसरी पार्टी, म्हणजे आमचे विवेकवादी मित्र. यांच्याशी भांडण जास्त मजेचं आहे कारण यांची माहिती बरीचशी बरोबर आहे.

जेराल्ड गार्डनर, जन्म १८८४, लिव्हरपूलजवळ. दम्याचा त्रास, शाळा फारशी नाहीच. तरुणपणी सिलोनच्या चहामळ्यात, मग बोर्निओ, मग मलायात रबराचे मळे आणि पुढे कस्टमची नोकरी. १९३६ मध्ये रिटायर होऊन इंग्लंडला परतला, न्यू फॉरेस्टच्या भागात राहायला गेला, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे १९३९ मध्ये तिथल्या एका जुन्या, गुप्त गटाने त्याला दीक्षा दिली. त्याचा दावा असा की हा गट म्हणजे ख्रिस्तपूर्व काळापासून लपूनछपून टिकलेला चेटकिणींचा धर्म. १९५१ मध्ये चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याने या धर्माची जगाला ओळख करून देणारं पुस्तक काढलं. प्रस्तावना कुणाची, तर मार्गारेट मरे यांची. या बाई मोठ्या इजिप्ततज्ज्ञ, जन्म आपल्याच कलकत्त्यातला, आणि १९२१ पासून त्यांचा सिद्धांत होता की चेटकीण म्हणून मारले गेलेले लोक खरोखरच एका जुन्या निसर्गधर्माचे अनुयायी होते. इतिहासकारांनी हा सिद्धांत पुढे पार निकालात काढला. ब्रिस्टल विद्यापीठाच्या रोनल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विक्काचा सगळा जन्मवृत्तांत कागदपत्रांनिशी मांडला, आणि त्यात दिसतं की यातला बराच भाग एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातला आहे, थोडा गूढ मंडळांच्या विधींमधून, थोडा फ्रीमेसन नावाच्या गुप्त विधींच्या बंधुमंडळाकडून, थोडा अ‍ॅलिस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्यावाल्या लेखकाकडून, थोडा रोमँटिक कवींच्या निसर्गवेडातून. कपडे न घालण्याची पद्धतसुद्धा गार्डनरच्या स्वतःच्या आवडीशी फारच जुळते, तो तशा क्लबांचा जुना मेंबर होता. आठ सणांचं ते चक्र एकत्र बसवलं गेलं १९५० च्या दशकात, आणि शरद संपाताच्या सणाला मेबन हे नाव तर १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने दिलं. यात भर म्हणजे विक्कन लोक बरीच वर्षं सांगत होते की युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या. तो आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन माणसाच्या भोंगळ गुणाकारातून आलाय, आजचे इतिहासकार साधारण चाळीस ते साठ हजार लोक धरतात, त्यात पुरुषही होते, आणि इंग्लंडमध्ये चेटकीण ठरलेल्यांना जाळत नसत, फाशी देत. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलमच्या गाजलेल्या चेटूक खटल्यांतसुद्धा एकोणीस जण फासावर गेले आणि एकाला दगडांखाली चिरडून मारलं, जाळलं कुणालाच नाही.

सगळं मान्य, अगदी शंभर टक्के. पण मग पुढे? नवा आहे म्हणून खोटा, ही उडी कशी मारली? धर्म काय बासमती तांदूळ आहे का, जितका जुना तितका भारी? बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि दिली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे गार्डनरच्या त्या पुस्तकानंतर दोन वर्षांनी. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या, ज्या कुठल्याही जुन्या ग्रंथात नव्हत्या, आणि तेव्हाही पंडितांनी म्हटलंच की हा खरा बौद्ध धर्म नव्हे. चैत्यभूमीला सहा डिसेंबरला जाऊन हे म्हणून दाखवा. दोन्ही गोष्टी एका तोलाच्या आहेत असं अजिबात म्हणत नाहीये मी, एकीकडे कोट्यवधी माणसांची गुलामीतून सुटका आहे आणि दुसरीकडे इंग्लंडमधल्या काही हौशी मंडळींचा शोध, पण वयाचा मुद्दा दोन्हीकडे तितकाच फोल ठरतो. बरं तेही राहू द्या. सार्वजनिक गणपती १८९० च्या दशकातला. शुक्रवारचं संतोषीमातेचं व्रत घरोघर पोचलं ते १९७५ च्या एका सिनेमानंतर, आंबट न खाता गूळ-चणे वाटणाऱ्या आपल्या आत्या-मावश्या तेव्हा काय ढोंग करत होत्या का? त्यांचं दुःख खरं होतं, उपास खरा होता, शुक्रवारी एकत्र जमणंही खरं होतं.

आणि मुख्य म्हणजे विक्काच्या आतल्या लोकांनी हे सगळं कधीच ओळखलं होतं. डोरीन व्हॅलिएंटे ही बाई १९५३ मध्ये गार्डनरच्या हाताखाली दीक्षित झाली. तिने वाचन भरपूर केलेलं, त्यामुळे त्याच्या त्या पुरातन वहीतले उतारे बघून तिच्या लगेच लक्षात आलं की हे क्राउलीचं आहे, आणि तिने त्याला तोंडावर सांगितलं. त्याने म्हटलं तुला जमत असेल तर तू लिही, आणि तिने खरंच लिहिलं. आज जगभरचे विक्कन देवीच्या तोंडचं जे आवाहन म्हणतात त्याचं प्रचलित रूप तिचं आहे. पुढे १९५७ मध्ये गार्डनर फार प्रसिद्धीच्या मागे लागला म्हणून तिने आणि इतरांनी त्याला अडवलं, तर त्याने अचानक कुठूनतरी जुने नियम काढले, ज्यात सोयीस्करपणे असं होतं की पुरोहितीण वयस्कर झाली की तिने तरुण बाईसाठी जागा सोडावी. व्हॅलिएंटेने ते नियम बनावट आहेत हे ओळखलं आणि सरळ बाहेर पडली. पण धर्म सोडला नाही. १९९९ मध्ये वारली तोपर्यंत विक्कनच होती. तिला माहीत होतं की अर्धे मंत्र तिने स्वतः टेबलावर बसून लिहिलेत, तरी ते म्हणताना तिला काहीतरी खरं सापडत होतं. आमच्या विवेकवादी मित्रांना वाटतं की उगम उघडा पाडला की इमारत पडते. इथे तर गवंड्यालाच सगळं माहीत होतं आणि तो त्याच घरात राहिला, त्याचं काय करायचं?

पण त्यांचा खरा, सगळ्यात जड मुद्दा हा नाहीच. तो मुद्दा असा की नंदुरबारच्या सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवून मारतात, झारखंडमध्ये, आसाममध्ये, ओडिशात मारतात, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २००० ते २०१६ या काळात देशात अडीच हजारांहून जास्त माणसं यात गेली, आणि अशा देशात पुण्या-मुंबईतली इंग्रजी शाळेतली मुलगी गळ्यात तारा घालून मी विच आहे म्हणते ही चैन आहे. झारखंडच्या छुटनी महतो यांना गावाने डायन ठरवून मारलं, घराबाहेर काढलं, आणि त्यांनी नंतर अशाच बायकांना वाचवण्यात आयुष्य घातलं, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासमोर उभं राहून मी विच असल्याचा मला अभिमान आहे असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. डाकीण हा शब्द तिथे कुणी स्वतःला लावून घेत नाही, तो दुसऱ्याने लावलेला असतो, बहुतेक वेळा जमिनीसाठी, विधवेची वाट काढण्यासाठी, नाहीतर पोर तापाने मेलं त्याचा राग काढण्यासाठी. पण म्हणूनच या दोन गोष्टी एका पोत्यात भरू नयेत. एकीत बळी असलेल्या बाईची कुठलीही श्रद्धा नसते, श्रद्धा असते ती मारणाऱ्याची आणि बोट दाखवणाऱ्या भगताची. दुसरीत कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. गळ्यातला तारा काढून घेतल्याने धडगावातली एक बाई वाचणार असेल तर मी पहिली काढा म्हणेन, पण तसं होणार नाही. तिथे दवाखाना लागतो, पोलीस लागतो, जमिनीच्या कागदावर बाईचं नाव लागतं.

आपल्याकडेही एक बाई या दोन्ही टोकांच्या मध्ये उभी राहिलीय. कोलकात्याच्या इप्सिता राय चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकात जाहीरपणे मी विक्कन आहे असं सांगितलं, भरपूर टीका आणि थट्टा झाली, आणि मग त्या बंगालच्या खेड्यांत डायन ठरवलेल्या बायकांसाठी बोलायला गेल्या. त्यांचे सगळे दावे मला पटत नाहीत, पण त्या नावाला घाबरवायच्या हत्यारापासून तोडायचा प्रयत्न त्यांनी केला एवढं तरी मानायला लागेल.

इथे कायद्याची गोष्ट बघा, फार बोलकी आहे. इंग्लंडचा १७३५ चा चेटूक कायदा खरंतर विवेकवाद्यांचा कायदा होता. त्याआधी चेटकीण असणं हा फाशीचा गुन्हा होता, या कायद्याने सांगितलं की चेटूक अस्तित्वातच नाही, जो शक्ती असल्याचा आव आणेल तो भामटा, त्याला तुरुंग. केवढी प्रगती! पण त्याच कायद्याखाली १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, हेलन डंकन नावाच्या मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या बाईला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. ती फसवतच होती असं मला वाटतं, पण तो कायदा आव आणणं हाच गुन्हा धरायचा. १९५१ मध्ये त्याच्या जागी आलेल्या कायद्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागायला लागला. आता आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा घ्या, ज्यासाठी दाभोलकरांनी वर्षानुवर्षं घासाघीस केली आणि जो त्यांच्या खुनानंतर झाला. त्यात परिशिष्टात ठरावीक कृत्यं दिलीत, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्कार दाखवून लुबाडणं, अमुक माणूस करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं मुश्किल करणं वगैरे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि पूजा, वारी, कीर्तन, प्रदक्षिणा हे सगळं स्पष्टपणे बाहेर ठेवलंय. विरोधकांनी तेव्हा केवढा गहजब केला की हा कायदा सत्यनारायणही बंद पाडणार, तसं काही झालं नाही. कायदा विचारतो एवढंच की तू कुणाचं काय नुकसान केलंस. हीच फूटपट्टी विक्काला लावा की, आमचे मित्र आपलाच कायदा विसरून विश्वासावर का घसरतात? पौर्णिमेला मेणबत्ती लावली तर लावू दे. नवरा वश करून देते म्हणून पन्नास हजार घेतले तर पोलिसात द्या, ती स्वतःला विच म्हणो, माताजी म्हणो नाहीतर एनर्जी हीलर म्हणो.

राहिली दुसरी पार्टी, जिला विक्कात आपलंच सगळं दिसतं. देवी आहे, पंचमहाभूतांपैकी चार आहेत, पौर्णिमा आहे, पुनर्जन्म आहे, कर्मासारखं काहीतरी आहे, मग आपलंच नाही तर कुणाचं? यांचा एक मुद्दा खरा आहे. तू काय मानतोस यापेक्षा तू काय करतोस याला विक्कात जास्त महत्त्व, कोव्हेनमध्ये देवी खरोखर आहे असं मानणारी आणि देवी म्हणजे मनातलं एक रूप असं मानणारी दोघं शेजारी उभी असतात, आणि हे आपल्याला झटकन कळतं, कारण आपल्या घरातही नास्तिक काका गणपतीची आरती म्हणतोच. चर्चच्या वळणावर वाढलेल्या माणसाला हे पटकन समजत नाही. पण इथून पुढे सगळं सैल होतं. पुनर्जन्म आणि कर्म तिथे पोचले ते काही सिंधू संस्कृतीतून नाही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थिऑसॉफीवाल्यांनी, म्हणजे सगळ्या धर्मांतलं गूढ ज्ञान एकत्र करू पाहणाऱ्या मंडळींनी, ज्यांचं मुख्यालय १८८२ पासून मद्रासच्या अड्यारला होतं, ते इंग्रजीत घरोघर पोचवले म्हणून. म्हणजे भारताचा हात आहे, पण तो पुस्तकविक्रीचा आहे, रक्ताचा नाही. आणि सणांचं चक्र तर पूर्ण ब्रिटिश मातीचं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला मेंढ्यांना दूध सुटतं म्हणून एक सण, ऑगस्टमध्ये पहिलं धान्य कापतात म्हणून एक. कोकणात ऑगस्टमध्ये कापायला काय आहे, तेव्हा भाताची लोंबीसुद्धा धड भरलेली नसते. ऑस्ट्रेलियातल्या विक्कन लोकांनी तर ऋतू उलटे म्हणून हिवाळ्याचा सण जूनमध्ये नेला, कारण त्यांना कळलं की हा धर्म तारखेचा नाही, जमिनीचा आहे. आपलंच आहे म्हणणाऱ्यांना हे बघायचं नसतं, त्यांना समोरचा माणूस गिळायचा असतो. विठोबा म्हणजे खरा आमचाच अमुक, असं कुणी बाहेरून येऊन सांगितलं की वारकऱ्याला कसं वाटतं? मग तेच आपण दुसऱ्याच्या शिंगवाल्या देवाचा पशुपती करताना का करतो?

इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात विक्का लिहिणारे लोक साधारण तेरा हजार आहेत, नुसतं पेगन, म्हणजे जुन्या निसर्गदेवतांना मानणारे, असं लिहिणारे चौऱ्याहत्तर हजार. एवढ्या छोट्या समाजावर आपण इथे बसून एवढं तोंडसुख घेतो, त्यातलं निम्मं तरी त्यांच्या कामाचं असावं. कारण भांडायला जागा खूप आहे. देवी आणि देव अशा जोडीवर उभा असलेला हा धर्म समलिंगी आणि ट्रान्स माणसांना कुठे बसवतो यावर त्यांच्यातच जोरदार वाद झालेत. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची पांढऱ्या सेज नावाच्या वनस्पतीची धुरी पॅकेटात घालून विकली जाते, त्यावर त्या लोकांचा राग आहे आणि तो योग्य आहे. आणि आपल्या बाजूने विचारण्यासारखं म्हणजे काली. पाश्चात्त्य विक्कन बायकांना कालीचं फार आकर्षण, रागावलेली, मोकळ्या केसांची, कुणाच्या बापाला न भिणारी देवी म्हणून ती वर्तुळात बोलावली जाते, कधी हेकेट या जादूच्या ग्रीक देवीच्या शेजारी. बोलवा की, आम्ही कोण अडवणार, आमच्याकडेही देवांची ये-जा चालूच असते. फक्त ती तुमच्याकडे येताना तिच्या मागचं सगळं कालीघाटलाच का राहतं? तिथे पिढ्यानपिढ्या सेवा करणारी घराणी आहेत, नवस आहेत, रांगेत उभ्या राहिलेल्या बायका आहेत ज्यांना स्वातंत्र्याचं प्रतीक वगैरे नकोय, पोराचा ताप उतरायला हवाय. आणि तिथे आजही बोकड कापतात. कुणाचं नुकसान करू नका हा ज्यांचा एकमेव नियम, त्यांनी कालीला बोलावल्यावर त्या बोकडाचं काय ठरवलंय?